सुटे पैसे

डुलुथ गावात, सुपीरियर स्ट्रीटवर,
सात मजल्यांची ही इमारत अकरा वर्षं भाकड होती.
चौथ्या मजल्यावर दातांचा एक डॉक्टर, तेवढाच भाडेकरू.
बाकी मी, बॉयलर, आणि त्रेसष्ट किल्ल्यांचा जुडगा.
संध्याकाळी मजल्यागणिक एकेक दिवा लावायचो,
सरोवरातल्या लोहखनिजाच्या बोटींना वाटावं
इथं अजून कुणी उशिरापर्यंत हिशोब करत बसलंय.

मग हेल्मेटवाली माणसं आली.
वर ऑफिसं, खाली तीन रेस्टॉरंटं, असा नकाशा.
खोटं छत उतरवलं तर वर खरं छत निघालं,
प्लास्टरची द्राक्षं, घडच्या घड.
नकाशावाली थिओडोरा मान वर करून बघतच राहिली.
मला ठाऊक होतं ते.
मला कुणी विचारलं नव्हतं.

मी विरोधात नव्हतो, सांगून ठेवतो.
रिकाम्या इमारतीवर जीव टाकणारे
तिचं हीटिंगचं बिल भरत नाहीत.
जानेवारीत पाइप फुटला
आणि रात्री दोनला घोटाभर पाण्यात उभं राहिलं
की वारसा हा शब्द तोंडात येत नाही, दुसरेच येतात.
दातांच्या डॉक्टरला मात्र नवं भाडं झेपलं नाही.
त्याची खुर्ची जिन्यावरून उतरवायला चौघे लागले.

तिसऱ्या आठवड्यात भिंत फोडली, आत पितळी नळ्या.
हॅलवर्सनचं दुकान होतं तेव्हा काउंटरवर गल्ला नसायचा.
नोट डबीत, डबी नळीत,
फुस्स करून हवा ती ओढून घ्यायची वर, कॅशियरकडे,
आणि सुटे पैसे तसेच, हवेवर बसून, खाली.
एका वळणावर एक डबी अडकलेली.
आत तीन डॉलर पासष्ट सेंट आणि पावती:
लोकरी हातमोजे, मुलीचे, लाल.
१२ डिसेंबर १९५८.
पेन्सिलीनं नाव, माउनुला.

माउनुला आता गावात एकच उरलीय,
इर्या, पंच्याहत्तरीची, टेकडीवर राहते.
डबी रुमालात बांधून नेली.
तिनं चष्मा शोधला, पावती वाचली,
परत वाचली, आणि मला बसा म्हणायचं विसरून
स्वतः बसली.

"आईनं एकटीला पाठवलं होतं.
पाचाची नोट, पायमोज्यात घातलेली.
दुकानातली बाई म्हणाली, थांब.
थांबले, दिवे विझेपर्यंत.
मग म्हणाली, उद्या ये. उद्या ती बाईच नव्हती.
घरी सांगितलं, नळीनं पैसे गिळले.
सांगा, कुणाची आई विश्वास ठेवेल?
मारलं नाही तिनं. नुसतं 'बरं' म्हणाली.
पण त्यानंतर दुकानात
नेहमी धाकट्या आर्वोला पाठवायची."

हातमोज्यांचं काय झालं, मी विचारलं.
"घातलेच नाहीत," म्हणाली. "हात गोठले तरी."

मेमध्ये उद्घाटन झालं. तिला घेऊन गेलो.
नळीचा एक तुकडा घासूनपुसून भिंतीवर लावलाय,
खाली माहितीची पाटी, दोन तारखा चुकलेल्या.
सूप चौदा डॉलर.
तिनं पर्समधून डबी काढली, तीन नोटा पसरल्या,
त्यावर आणखी अकरा ठेवल्या, आणि नाणी बाजूला, टीप म्हणून.
वेटर पोरगा ओशाळला.
"मॅडम, आम्ही रोख घेत नाही. फक्त कार्ड."

इर्या हसायला लागली. चमचा खाली पडला,
शेजारच्या टेबलावरचे वकील वळून बघू लागले,
तरी हसतच होती.
"बघितलंस?" म्हणाली, माझा हात दाबून,
"अजून गिळतातच."
माझ्या खिशात कार्ड होतं,
पण ते फक्त दारं उघडतं. त्रेसष्टच्या त्रेसष्ट.

रात्री बाहेर उभा राहून सवयीनं मजले मोजतो.
माणूस उठून गेलं की दिवे आपोआप विझतात.
तिसरा विझला. सहावा.
पाचव्यावर कुणीतरी आहे अजून.
बोटींना आता दिसतं तेवढंच खरं.